सांध्याच्या कूर्चेवर आघात होतो तेव्हा: स्ट्रेसच्या मॉडेलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूर्चेवरच्या आघाताचे मॉडेल करायला घेतलेले विद्यार्थी आणि अधूनमधून ऑर्थोपेडिक डॉक्टरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरे. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर, आणि स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर येणारे बल. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आघात टिकतो तेवढ्या वेळात कूर्चेतले पाणी जवळपास जागचे हलत नाही. हे एकदा मनात पक्के बसले, की मॉडेल कुठले निवडायचे, मेश (मॉडेलचे एलिमेंट नावाच्या छोट्या तुकड्यांत केलेले विभाजन) किती बारीक करायची आणि निकालातला कुठला आकडा वाचायचा, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

किती वेगाने आलेल्या भाराला आघात म्हणायचे?

भार किती मोठा आहे यापेक्षा तो कमाल पातळीला किती वेळात पोचला, हे पाहा. चालताना पाऊल टेकल्यावर सांध्यावरचा भार साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात वाढतो. धावताना टाच आपटते तेव्हा जमिनीकडून येणाऱ्या बलाचे पहिले टोकदार शिखर २० ते ५० मिलिसेकंदांत दिसते. गाडीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आदळतो किंवा उंचावरून पडल्यावर घोटा चेपला जातो, तेव्हा सगळा प्रकार काही मिलिसेकंदांत उरकतो. या पानावर आघात म्हणजे हा शेवटचा प्रकार. धावणे सीमेवर आहे, आणि तिथे पुढची बरीचशी उत्तरे थोड्या फरकाने लागू पडतात.

कूर्चा म्हणजे हाडावर चिकटवलेला रबराचा थर, असे धरून चालेल का?

काही प्रश्नांपुरते चालेल, पण आधी आत काय आहे ते समजून घ्या. सांध्यातल्या कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यत्वे टाइप २ कोलॅजनचे तंतू आणि ॲग्रिकन नावाचे मोठे प्रोटिओग्लायकन रेणू असतात. पेशी अगदी थोड्या, माणसाच्या कूर्चेत आकारमानाच्या दोनेक टक्के. रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. म्हणूनच इजा झाली तरी ती लगेच दुखत नाही आणि नीट भरूनही येत नाही.

प्रोटिओग्लायकनवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते पाणी ओढून घेतात आणि फुगू पाहतात, तर कोलॅजनचे जाळे त्यांना फुगू देत नाही. म्हणजे बाहेरून कसलाही भार नसतानाही हे तंतू आधीच ताणलेले असतात. त्यांची दिशाही सगळीकडे सारखी नसते. पृष्ठभागाजवळ ते पृष्ठभागाला समांतर असतात, मधल्या थरात वळतात आणि खाली हाडाशी काटकोनात जातात. बेनिंगहॉफने १९२५ मध्ये या रचनेचे कमानींसारखे चित्र मांडले आणि आजही बहुतेक मॉडेलची सुरुवात तिथूनच होते.

तंतू ओढीला घट्ट आणि दाबाला ढिले. रबरात असे काही नसते. आघातात हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

पाण्याला बाहेर पडायला किती वेळ लागतो?

हे गणित प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावे, असे मला मनापासून वाटते. कागदाचा चतकोर तुकडा पुरतो.

थराची जाडी २ मिलिमीटर धरा. समतोलातला मॉड्युलस, म्हणजे पाणी स्थिरावल्यावरचा ताठपणा, ०.७ मेगापास्कल. पारगम्यता म्हणजे पाण्याला वाट किती मोकळी आहे त्याचे माप, ते एसआय एककांत दहाच्या उणे पंधराव्या घाताइतके. जाडीचा वर्ग घ्या आणि मॉड्युलस गुणिले पारगम्यता या गुणाकाराने भागा. उत्तर साधारण ५,७०० सेकंद येते, म्हणजे दीड तासाहून थोडे जास्त. पूर्ण थरातला दाब निवायला इतका वेळ लागतो.

आता तेच उलटे करून पाहा. १० मिलिसेकंदांच्या आघातात दाब किती खोलीपर्यंत उतरू शकतो? मॉड्युलस, पारगम्यता आणि वेळ यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतले की २.६ मायक्रॉन मिळतात. पेशीच्या व्यासाहूनही कमी. वेगाने भार आल्यावर मॉड्युलस वाढतो, तो दहापट धरला तरी ही खोली तिपटीनेच वाढते आणि आठ-नऊ मायक्रॉनपाशी थांबते. तुलनेसाठी, एक सेकंदभर टिकणाऱ्या भारात पहिल्याच आकड्यांनी २६ मायक्रॉन येतात.

म्हणजे २ मिलिमीटरच्या थरात, अगदी वरची पापुद्र्याएवढी जागा सोडली, तर आघाताच्या वेळी पाणी आणि जाळे एकत्रच हलतात. आकारमान बदलत नाही, फक्त आकार बदलतो. थर दाबला गेला की तो कडेने फुगणारच, आणि त्याला फुगण्यापासून अडवतात ते कोलॅजनचे तंतू. संथ भारात एका मेगापास्कलहूनही मऊ वाटणारी कूर्चा आघातात कित्येक दहा मेगापास्कलइतकी ताठ होते, त्यामागे हे कारण आहे. जाळ्याची स्वतःची चिकट-लवचीक प्रकृती त्यात आणखी भर घालते.

पाणी हलतच नाही, तर बायफेजिक मॉडेल कशासाठी?

हा प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारणाऱ्याला विषय कळू लागला आहे, असे मी समजतो.

पाण्याचा आणि जाळ्याचा वेगळा हिशेब ठेवणारी बायफेजिक मांडणी मौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कूर्चेसाठी केली. तिची मुळे मातीच्या अभ्यासात आहेत: पायाखालची चिकणमाती वर्षानुवर्षे का खचत राहते याचे तेर्झाघी यांनी १९२० च्या दशकात दिलेले उत्तर, आणि बिओ यांचे १९४१ चे सर्वसाधारण समीकरण. विद्युतभारित आयन हा तिसरा घटक धरणारी ट्रायफेजिक मांडणी १९९१ मध्ये आली.

भार पडल्या क्षणी बायफेजिक थर असंकोच्य (आकारमान न बदलणाऱ्या) लवचीक थरासारखाच वागतो, हे गणिताने दाखवता येते. त्यामुळे तुम्हाला फक्त एकूण बल, थर किती दबला आणि संपर्काचा दाब एवढेच हवे असेल, तर साधे असंकोच्य हायपरइलास्टिक (रबरासारख्या खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थांचे) मॉडेल पुरते. ते भराभर चालते आणि अडकतही नाही. अख्ख्या पायाच्या मॉडेलमध्ये कूर्चा हा एक छोटा भाग असेल, तर मीसुद्धा तेच सुचवतो.

पण इजा जाळ्याला होते, आणि जाळ्यावर नेमके किती आले हे कळायला दोन्हींचा हिशेब वेगळा लागतो. भार आल्यानंतरच्या सेकंदांत आणि मिनिटांत काय होते हे पाहायचे असेल, किंवा एकामागून एक आघात द्यायचे असतील, तेव्हा बायफेजिकला पर्याय नाही. त्यात कोलॅजन तंतू वेगळे घातलेले असावेत. फक्त ओढीला प्रतिसाद देणारे तंतू नसतील, तर पाण्यावर किती भार गेला याचा अंदाज फार कमी येतो. तंतू नसलेल्या समदिक (सगळ्या दिशांना सारख्या) जाळ्याच्या, बाजूंनी मोकळ्या नमुन्यात सिद्धांत पाण्याला एकूण भाराच्या जेमतेम तिसरा हिस्सा देतो. प्रत्यक्ष मोजमापात मात्र सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त भार पाण्याच्या दाबाने पेललेला दिसला आहे.

निकालात बरेच स्ट्रेस दिसतात. त्यातला कुठला पाहायचा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

सॉफ्टवेअर तुम्हाला एकूण स्ट्रेस देते. त्याचे दोन भाग असतात: पाण्याचा दाब आणि जाळ्यावरचा परिणामी स्ट्रेस. पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा असतो. तो आकार बदलत नाही आणि एकटा असताना तंतू तोडत नाही. तंतू तुटतात ते खेचीने आणि कातरीने, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या बलाने. त्यामुळे 'कमाल स्ट्रेस २० मेगापास्कल' एवढेच लिहिलेला निकाल इजेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

एक उदाहरण पाहा. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात दाबमापक बसवून एका रुग्णाच्या सांध्यातला दाब मोजला गेला, तो अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. खुर्चीतून उठताना एका जागी १८ मेगापास्कलपर्यंत दाब गेला होता. तिथे एका बाजूला धातू होता, त्यामुळे नैसर्गिक सांध्यात आकडा कमी असू शकेल, हे लक्षात ठेवायला हवे. दुसरीकडे, प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यांवर भार देऊन केलेल्या कामात १५ ते २० मेगापास्कलच्या पुढे पेशी मरू लागल्याचे दिसले. रेपो आणि फिनले यांच्या १९७७ च्या प्रयोगांत वेगवान आघाताखाली हा उंबरठा २५ मेगापास्कलच्या आसपास होता. आणखी काही प्रयोगांत ४.५ मेगापास्कललाच पेशींच्या मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली.

हे सगळे आकडे एकमेकांशी भांडतात असे वरवर वाटते. पण तुकडा हाडाला जोडलेला होता का, कडेने फुगायला मोकळा होता का, दाबणाऱ्या साधनाची कड धारदार होती का, भार किती वेळ टिकला, यावर जाळ्यात किती खेच आणि किती कातर निर्माण झाली हे ठरते. मेगापास्कल सारखे असले तरी आतली अवस्था वेगळी असते.

म्हणून निकालातून निदान या गोष्टी वेगळ्या काढा: जाळ्यावरची कमाल मुख्य खेच, तंतूंच्या दिशेतला स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल), कमाल कातर, आणि पाण्याचा दाब. फॉन मिझेस स्ट्रेसचे रंगीत चित्र देखणे दिसते. पण तो निकष धातूंसाठी आहे, आणि तंतूंनी भरलेल्या, दिशेनुसार बदलणाऱ्या ऊतीत त्यावर भिस्त ठेवू नये. कूर्चा नेमकी केव्हा फाटते याचा सर्वमान्य निकष अजून नाही. त्यामुळे दोन-तीन निकष शेजारी शेजारी दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

भेगा कुठे पडतात? मॉडेल ते आधी सांगते का?

जागा बऱ्यापैकी सांगते. दोन गोलसर पृष्ठभाग एकमेकांवर आदळले की संपर्काच्या मधोमध दाब जास्त असतो, तर संपर्काच्या कडेजवळ पृष्ठभागावर खेच निर्माण होते. मोठी कातर खाली, कूर्चा आणि हाड जुळतात त्या सीमेवर येते. प्रत्यक्ष नमुन्यांतही पृष्ठभागावरच्या भेगा कडेजवळ सापडतात. त्या बऱ्याचदा तिरप्या आत शिरतात, आणि जबर आघातात सीमेवरही इजा दिसते.

वेगाचा परिणाम मात्र थोडा अनपेक्षित आहे. आघात जलद असेल तर पृष्ठभागावर भेगा पडतात आणि मेलेल्या पेशी त्या भेगांच्या आसपास असतात. भार सावकाश आणि जास्त वेळ असेल तर भेगा कमी पडतात, पण पेशींचा मृत्यू अधिक खोलवर पसरलेला दिसतो, कारण तेव्हा पाणी निघून जायला आणि जाळे खरोखर आवळले जायला वेळ मिळालेला असतो. तुमचे मॉडेल हा फरक दाखवत नसेल, तर त्यात पाण्याचा किंवा तंतूंचा भाग कुठेतरी चुकला आहे.

मेश किती बारीक हवी?

जाडीत चार एलिमेंट घालून बायफेजिक आघात चालवला की पृष्ठभागाजवळचा पाण्याचा दाब वरखाली उड्या मारताना दिसतो. अनेकजण मग टाइम स्टेप (गणित पुढे सरकवायचा वेळेचा टप्पा) आणखी लहान करतात, आणि दुखणे वाढते.

कारण व्हर्मीर आणि व्हेरौट यांनी १९८१ मध्ये दिलेल्या अटीत आहे. ठरावीक जाडीच्या एलिमेंटसाठी टाइम स्टेपला खालची मर्यादा असते. एलिमेंटच्या जाडीचा वर्ग, भागिले सहापट मॉड्युलस-पारगम्यता गुणाकार, यापेक्षा स्टेप लहान असून चालत नाही. वरचेच आकडे घातले तर ५० मायक्रॉनच्या एलिमेंटला ०.६ सेकंदाची स्टेप लागते. तुमचा आघातच १० मिलिसेकंदांत संपतो. १ मिलिसेकंदाची स्टेप हवी असेल, तर पृष्ठभागाशी एलिमेंट २ मायक्रॉनच्या आसपास हवे.

अख्खी मेश इतकी बारीक करायची गरज नाही. जिथून पाणी बाहेर पडू शकते त्या पृष्ठभागाशी अगदी पातळ थर द्या आणि आत जाताना जाडी हळूहळू वाढवत न्या. दुसरी गोष्ट, जवळपास असंकोच्य पदार्थात साधे चार नोडचे टेट्राहेड्रॉन (चार पृष्ठांचे एलिमेंट) खोटे ताठ होतात. हेक्साहेड्रॉन (सहा पृष्ठांचे एलिमेंट) किंवा द्विघाती टेट्राहेड्रॉन घ्या आणि दाब हा वेगळा अज्ञात ठेवणारी मिश्र मांडणी वापरा.

आघात म्हणजे स्ट्रेस वेव्ह आल्याच. त्या धराव्या लागतात का?

बहुधा नाही. दाबाची लाट कूर्चेत सेकंदाला १,६०० मीटरहून अधिक वेगाने जाते, म्हणजे २ मिलिमीटरचा थर एक-दीड मायक्रोसेकंदात पार करते. कातर लाट फार सावकाश जाते, तरी काही दशक मायक्रोसेकंदांत तीही पलीकडे पोचते. पाच मिलिसेकंदांच्या आघातात या लाटा कितीतरी फेऱ्या मारून निवतात. कूर्चेचे स्वतःचे वस्तुमान सोडून द्या. पायाचे, शरीराचे, आदळणाऱ्या वजनाचे वस्तुमान मात्र सोडू नका, कारण किती बल येणार हे तेच ठरवते. आघात मिलिसेकंदाहून बराच छोटा असेल तेव्हाच लाटांचा विचार करा.

खालचे हाड पूर्ण कडक धरू का?

कूर्चेतल्या स्थानिक स्ट्रेससाठी हो, कारण हाड कूर्चेच्या मानाने फारच ताठ असते. हाडाला सूक्ष्म फ्रॅक्चर होते का, हा प्रश्न असेल तर नाही. थर हाडाला चिकटलेला आहे ही अट मात्र कधीही सोडू नका.

गुडघ्यात मेनिस्कस ठेवावाच लागतो का?

ठेवा. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी गादी, आणि गुडघ्यातला निम्म्याच्या आसपास भार तो वाहून नेतो. तो काढला की संपर्कक्षेत्र घटते आणि कूर्चेवरचा दाब बराच वाढतो.

मटेरियलचे आकडे कुठून घ्यायचे?

स्वतःच्या नमुन्यावर इंडेंटेशन (छोटे टोक दाबून करायची चाचणी) करता आले तर उत्तम. प्रकाशित आकडे घ्यायचे असतील तर ते कुठल्या प्राण्याचे, कुठल्या सांध्याचे आणि कुठल्या वेगाच्या चाचणीतले आहेत हे आधी पाहा. संथ चाचणीतून काढलेले आकडे आघातात जसेच्या तसे टाकणे ही नेहमीची चूक आहे. संथ चाचणीत तंतूंचा आणि जाळ्याच्या चिकटपणाचा भाग जेमतेम उमटतो, आणि आघातात तोच भाग पुढे असतो.

खोलीनुसार होणारा बदलही मोठा आहे. गाईगुरांच्या कूर्चेत दाबाचा मॉड्युलस पृष्ठभागाशी ०.१ मेगापास्कलहून कमी आणि तळाशी २ मेगापास्कलच्या आसपास मोजला गेला आहे. सगळ्या थराला एकच सरासरी दिली, की मऊ पृष्ठभाग किती दबतो हे मॉडेलला दिसतच नाही, आणि पेशी तर तिथेच आधी मरतात. दाबल्यावर पारगम्यता कमी होते, हेही घाला. एका समीकरणाचे काम आहे.

मॉडेल खरे ठरले, हे कशावरून म्हणायचे?

बल आणि वेळ यांचा आलेख जुळला, एवढ्यावर थांबू नका. दोन-तीन आकडे बदलून तो जवळपास कुठल्याही मॉडेलने जुळवता येतो. ड्रॉप टॉवर (वरून वजन सोडणारे साधन) किंवा लंबकाच्या प्रयोगात उच्च वेगाच्या कॅमेऱ्याने नमुन्याच्या कापलेल्या बाजूचा स्ट्रेन टिपता येतो. मॉडेलमधला खोलीनुसार स्ट्रेन त्याच्याशी ताडून पाहा. दाब नोंदवणारी फिल्म सांध्यात घालून संपर्काचा नकाशा मिळतो, पण ती फक्त कमाल दाब दाखवते आणि तिच्या स्वतःच्या जाडीमुळे संपर्क थोडा बदलतो. आणि ज्या प्रयोगातून आकडे काढले, त्याच प्रयोगावर पडताळणी केली तर ती पडताळणी होत नाही.

कुठले सॉफ्टवेअर?

फेबायो जैविक ऊतींसाठीच बनवलेले आहे, ते संशोधनाला मोफत मिळते आणि त्यात बायफेजिक व ट्रायफेजिक मांडणी तयार असते. अबॅकसमध्ये मातीच्या खचण्यासाठीची प्रक्रिया वापरून हेच करता येते. शिकायचे असेल तर फेबायोपासून सुरुवात करा.

कुठल्या पेशी मरतील, हे मॉडेल सांगू शकते का?

थेट नाही. ऊतीच्या पातळीवरचे मॉडेल पेशीला दिसणारा स्ट्रेन देत नाही, कारण प्रत्येक पेशीभोवती बाकीच्या जाळ्यापेक्षा मऊ असे स्वतःचे आवरण असते. मोठ्या मॉडेलमधला निकाल पेशी आणि तिचे आवरण असलेल्या छोट्या मॉडेलला सीमा म्हणून देतात. त्यानेही यांत्रिक भागच कळतो.

या कामाची मला सगळ्यात जास्त आस्था वाटते ती पुढच्या कारणाने. आघाताच्या क्षणी मरणाऱ्या पेशींखेरीज आणखी बऱ्याच पेशी नंतरच्या काही तासांत आणि दिवसांत मरतात. त्यात मायटोकाँड्रियातून बाहेर पडणाऱ्या ऑक्सिडंटचा मोठा हात आहे. प्रयोगशाळेत आघातानंतर लवकर एन-ॲसिटिलसिस्टीन हे ऑक्सिडंटविरोधी औषध दिल्यावर बऱ्याच पेशी वाचल्याचे दिसले आहे. म्हणजे वाचवता येण्याजोग्या पेशींचा एक पट्टा असतो, आणि तो कुठे आहे, किती खोल आहे, हे दाखवणे मॉडेलच्या आवाक्यात येऊ शकते.

एखाद्या रुग्णाचा सांधा पुढे झिजेल का, हे यावरून सांगता येईल का?

आज नाही, आणि रुग्णाला तसे सांगूही नये. सांध्याला जबर मार बसल्यावर वर्षांनी होणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस ही मोठी समस्या आहे. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार लक्षणे असलेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिसपैकी सुमारे १२ टक्के इजेनंतरचा असतो. पण नेहमीच्या एमआरआयमध्ये एक बिंदू साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे २ मिलिमीटरच्या कूर्चेच्या जाडीत चारच बिंदू. त्यातून तंतूंची दिशा किंवा पारगम्यता मिळत नाही. आघाताच्या क्षणी नेमके किती बल, कुठल्या कोनात आले, हेही सहसा कुणाला ठाऊक नसते.

तुलना मात्र करता येते. फ्रॅक्चर जुळवताना सांध्याच्या पृष्ठभागावर १ मिलिमीटरची पायरी राहिली तर, आणि २ मिलिमीटरची राहिली तर कडेची खेच किती बदलते? मेनिस्कसचा थोडा भाग काढला तर आणि पूर्ण काढला तर काय होते? दोन्ही वेळी मॉडेल तेच, आकडे तेच, बदल एकच. अशा प्रश्नाला मॉडेल जे उत्तर देते त्यावर डॉक्टरांशी बसून बोलता येते. त्या उत्तरासोबत मॉड्युलस आणि पारगम्यता शक्य तेवढ्या कमी-जास्त करून काढलेला पल्लाही द्या. तो पल्ला दोन पर्यायांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर पर्याय निवडायला ते मॉडेल वापरू नका.